देहविक्रीला कायद्याची मान्यता द्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला दोन तट पडतात. एक तट म्हणतो, समूळ बंद करा. दुसरा म्हणतो, परवाने द्या, कर लावा आणि मोकळे व्हा. गंमत अशी, की या धंद्यातल्या बायका संघटित होऊन बोलू लागल्या तेव्हापासून बहुतेक ठिकाणी त्यांनी या दोहोंपैकी काहीच मागितलेलं नाही. त्यांचं मागणं तिसरंच आहे आणि ते चर्चेत क्वचित पोचतं.

खालचे प्रश्न लोक ज्या शब्दांत विचारतात, साधारण त्याच शब्दांत घेतले आहेत. माझं मत लपवलेलं नाही. प्रत्येक कायद्याला एकच कसोटी लावली आहे: रात्री दीड वाजता गिऱ्हाईक अंगावर धावून आलं, तर ती पोलिसांना फोन करू शकते का? आणि केलाच, तर सकाळी तिचं घर, तिचं काम आणि तिचं मूल तिच्याकडेच असेल का?

एक गोष्ट आधीच. इथे चर्चा फक्त सज्ञान माणसांची आहे. अल्पवयीन मुलं आणि जबरदस्तीनं आणलेल्या व्यक्ती यांच्याबाबतीत वाद नाही. तो गुन्हा आहे आणि खाली सांगितलेल्या प्रत्येक पद्धतीत तो गुन्हाच राहतो.

"कायदेशीर करणं" आणि "गुन्हा न मानणं" या दोन गोष्टी एकच ना?

नाही. निम्मी भांडणं या एका गोंधळातून होतात.

कायदेशीर करणं म्हणजे सरकार या धंद्यासाठी वेगळी चौकट आखून देतं. परवाना, नोंदणी, ठरलेली जागा, ठरलेली तपासणी. चौकटीत बसलात तर कायदेशीर, बाहेर राहिलात तर गुन्हेगार. जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचे काही तालुके आणि सेनेगल हे या वाटेनं गेले.

गुन्हा न मानणं, म्हणजे गुन्हेमुक्ती, हेच सुरुवातीला म्हटलेलं तिसरं मागणं. याचा अर्थ सज्ञान व्यक्तींमधल्या या व्यवहारातून फौजदारी कायदा काढता पाय घेतो. मग इतर कामांना जे कायदे लागतात तेच इथेही लागतात: कामगार कायदा, भाडेकरार, नगररचना, कर, आणि अर्थात मारहाण, बलात्कार, खंडणीविरुद्धचे कायदे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं हे १९९५ मध्ये केलं, न्यूझीलंडनं २००३ मध्ये, बेल्जियमनं २०२२ मध्ये. ऑस्ट्रेलियातलंच व्हिक्टोरिया राज्य आधी परवान्यांच्या वाटेनं गेलं होतं. २०२२ पासून तेही ती वाट सोडून इकडे आलं.

याखेरीज आणखी तीन तऱ्हा आहेत. विकणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, ही अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांची. फक्त घेणारा गुन्हेगार, ही स्वीडनची. आणि तिसरी सर्वात फसवी: विकणं गुन्हा नाही, पण त्याभोवतीचं जवळजवळ सगळं गुन्हा. इंग्लंडमध्ये आणि भारतात हीच स्थिती आहे. भारताच्या १९५६ च्या कायद्यात दोन किंवा अधिक जणींच्या फायद्यासाठी वापरली जाणारी जागा म्हणजे कुंटणखाना. म्हणजे एकटीनं राहिलात तर कायद्यात, सोबतीला मैत्रीण घेतलीत तर कायद्याबाहेर. सज्ञान मुलगा आईच्या कमाईवर जगत असेल, तर तोही त्याच कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. २०२२ च्या मे महिन्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की स्वेच्छेनं हे काम करणाऱ्या सज्ञान व्यक्तीला पोलिसांनी त्रास देऊ नये आणि तिलाही सन्मानानं जगण्याचा हक्क आहे. कायद्याचा मजकूर मात्र जिथल्या तिथे आहे.

वेश्या म्हणायचं, देहविक्री म्हणायचं की सेक्स वर्कर?

शब्दातच बाजू निवडली जाते, म्हणून हा प्रश्न वाटतो तितका फुटकळ नाही. 'सेक्स वर्क' हा शब्द १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅरल ली या अमेरिकन कार्यकर्तीनं रूढ केला आणि ती स्वतः हे काम करत होती. ज्यांना हा धंदाच स्त्रीवरचा अत्याचार वाटतो, ते हा शब्द वापरत नाहीत. त्यांच्या मते यात 'काम' म्हणावं असं काही नाही. या मजकुरात मी 'धंदा' म्हणतो, कारण त्यातल्या बायका आपसात तोच शब्द वापरतात. गिऱ्हाईक, दलाल, मालकीण हेही त्यांचेच शब्द.

बंदी घातली तर निदान प्रमाण तरी कमी होईल ना?

फ्रान्सनं १९४६ मध्ये कुंटणखाने बंद केले, इटलीनं १९५८ मध्ये. घरं बंद झाली. धंदा रस्त्यावर आला, मग गाड्यांमध्ये, मग फोनवर. बंदीनं धंद्याची जागा बदलते, हे इतक्या देशांत इतक्या वेळा दिसलं आहे की आता त्यावर कुणी गंभीर वाद घालत नाही.

खरा तोटा वेगळाच. बंदी असते तिथे कायदा राबवणाऱ्या शिपायाच्या हाती मोठी सत्ता येते. कुणाला पकडायचं, कुणाला सोडायचं आणि सोडण्याची किंमत काय, हे तोच ठरवतो. न्यू साउथ वेल्सनं १९९५ मध्ये गुन्हेमुक्तीचा निर्णय घेतला, त्यामागे स्त्रीवादी विचारापेक्षा पोलिसांतला भ्रष्टाचार हे मोठं कारण होतं. त्या वेळी पोलीस खात्याची न्यायालयीन चौकशीच चालू होती. हप्ते बंद करायचे तर हप्त्याचं कारणच काढून टाका, असा तो सरळ हिशेब.

अमेरिकेतल्या काही मोठ्या शहरांत पोलीस बायकांच्या पर्समधले कंडोम पुरावा म्हणून जप्त करत. आरोग्य खातं फुकट वाटायचं आणि पोलीस खातं तेच हातकड्यांसोबत टेबलावर मांडायचं. मग बायकांनी कंडोम जवळ बाळगणंच कमी केलं. एकाच सरकारचे दोन हात एकमेकांचं काम बिघडवतात ते असं.

परवाना पद्धत हा मधला मार्ग का नाही? सगळं नियमात येईल.

ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच यावर जरा थांबू.

सरकारी नोंदणीचा हा विचार जुना आहे. ब्रिटननं १८६४ पासून संसर्गजन्य रोगांचे कायदे केले, कारण लष्करातले शिपाई गुप्तरोगांनी आजारी पडत होते. छावण्यांच्या आणि बंदरांच्या गावांत संशयित बाईला पकडून तिची सक्तीनं तपासणी व्हायची आणि रोग निघाला तर तिला इस्पितळात डांबलं जायचं. शिपायाची तपासणी? ती नाही. समाजसुधारक जोसेफिन बटलर यांनी याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि १८८६ मध्ये ते कायदे रद्द झाले. तोच कायदा १८६८ मध्ये भारतातही आणला गेला होता. नियमन म्हणजे तिचं रक्षण असं आपण धरून चालतो. इतिहासात ते बहुतेकदा तिच्यापासून इतरांचं रक्षण होतं.

आता आजचं जर्मनी घ्या. तिथे २००२ मध्ये या धंद्यातले करार वैध ठरले. हेतू चांगला होता: पैसे बुडवले तर कोर्टात जाता यावं, विमा आणि निवृत्तिवेतन मिळावं. प्रत्यक्षात नोकरीचा करार केला अगदी मूठभर जणींनी. फायदा उठवला तो मोठ्या कुंटणखान्यांनी, कारण धंदा वैध झाला तरी त्या घरांवर देखरेख करणारे नियम पुरेसे नव्हते. श्टुटगार्टजवळच्या एका प्रचंड आणि गाजलेल्या कुंटणखान्याच्या मालकाला २०१९ मध्ये तस्करीला साह्य केल्याबद्दल तुरुंगवास झाला. दरम्यान २०१७ मध्ये दुसरा कायदा आला. घरांना परवाने, कंडोमची सक्ती आणि प्रत्येकीची वैयक्तिक नोंदणी. २०२३ च्या अखेरीस नोंद होती सुमारे ३०,६०० जणांची. धंद्यात किती आहेत याचे तिथे नेहमी सांगितले जाणारे अंदाज दोन ते चार लाखांचे. अंदाज फुगवलेले आहेत असं धरून निम्म्यानं कमी केले, तरी नोंदणीबाहेरच्या बायका नोंदणीतल्यांहून कितीतरी जास्त उरतात.

का नोंदवत नाहीत? कारण उघड आहे. ही नोंद उद्या कुठे बाहेर येईल याची भीती. मुलाची शाळा, घटस्फोटाचा खटला, दुसरी नोकरी, परदेशी असेल तर राहण्याचा परवाना. जर्मनीत नोंदणीच्या कार्डावर टोपणनाव घेता येतं, तरी भीती जात नाही. बदनामीचा शिक्का समाज मारतो आणि नोंदणी त्यावर सरकारी तारीख टाकते.

सेनेगलमध्ये १९६९ पासून नोंदणी आहे, आरोग्य कार्ड आहे, वयाची अट २१ आहे आणि तरीही मोठा हिस्सा नोंदणीबाहेर आहे. नेवाडात परवानाधारक घरं वीसच्या आसपास, तीही दूरच्या ग्रामीण तालुक्यांत. सात लाखांहून जास्त वस्तीच्या तालुक्यात परवाना देताच येत नाही, म्हणून ज्या लास व्हेगासच्या नावानं सगळे नेवाडा ओळखतात तिथे हा धंदा बेकायदाच आहे. परवान्याच्या घरातल्या बायका कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक, कमाईतला निम्म्याच्या आसपास वाटा घराचा, आणि पसंत नसेल तर जायचं कुठे? घराबाहेर एकटीनं काम करणं गुन्हा आहे.

इथेच परवाना पद्धतीची मेख आहे. परवाना ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात, आणि तो जवळजवळ कधीच त्या बाईच्या हातात नसतो. नोंदणीबाहेर राहिलेली बाई पुन्हा जुन्याच जागी उभी राहते. रात्री दीडला फोन केला तर पहिला प्रश्न येतो, "कार्ड कुठे आहे?"

मग निदान आरोग्य तपासणी सक्तीची असावी का?

नसावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, आणि कारणं अगदी व्यवहारी आहेत. एक, संसर्ग झाल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत मध्ये काळ जातो, त्यामुळे कालचा 'निर्दोष' कागद आजची हमी नसतो. दोन, तो कागद दाखवून गिऱ्हाईक कंडोम नाकारतो. तीन, तपासणी फक्त एकाच बाजूची होते. चार, सक्ती आली की बायका दवाखानाच टाळतात. स्वेच्छेची, गुप्त आणि फुकट तपासणी जिथे आहे तिथे बायका आपणहून येतात. कोलकात्याच्या सोनागाचीत १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी सुरू केलेल्या कामात कंडोमचा प्रचार वस्तीतल्या बायकांनीच केला. त्यांचा युक्तिवाद असा, की कंडोम नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाला एकीनं परत पाठवलं तर तो शेजारच्या दारात जातो, सगळ्यांनी मिळून पाठवलं तर त्याला पर्याय उरत नाही. हा डॉक्टरकीपेक्षा युनियनचा विचार आहे आणि तो चालला.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती अंदाजानुसार गुन्हेमुक्तीमुळे दहा वर्षांत या समूहातले आणि त्यांच्या गिऱ्हाइकांमधले एचआयव्हीचे ३३ ते ४६ टक्के नवे संसर्ग टळू शकतात. हा अंदाज आहे, मोजमाप नाही, हे ध्यानात ठेवावं.

स्वीडनसारखं फक्त गिऱ्हाइकाला शिक्षा दिली तर? बाई सुटली, मागणी संपली.

या चर्चेतला हा सगळ्यात ताकदीचा प्रतिपक्ष आहे, त्याला हलक्यात घेणं बरोबर नाही.

स्वीडननं १ जानेवारी १९९९ पासून पैसे देऊन शरीरसंबंध घेणं हा गुन्हा ठरवला. भूमिका स्वच्छ होती: हा पुरुषांनी स्त्रियांवर केलेला अत्याचार आहे, म्हणून शिक्षा विकत घेणाऱ्याला. पुढे नॉर्वे, आइसलँड, कॅनडा, फ्रान्स, आयर्लंड, इस्रायल असे देश त्या वाटेनं गेले. २०१० च्या स्वीडिश सरकारी अहवालानं म्हटलं, की रस्त्यावरचा धंदा निम्म्यावर आला. आणखी एक परिणाम मला महत्त्वाचा वाटतो: नव्या पिढीला 'हे विकत घेणं योग्य नाही' असं वाटू लागलं. कायदा समाजाची नजर बदलू शकतो, ही गोष्ट छोटी नाही.

पण त्याच वर्षांत मोबाइल आणि इंटरनेट आले. रस्त्यावरून कमी झालेलं पडद्यावर किती गेलं, हे त्या अहवालाला नीट सांगता आलं नाही. उत्तर आयर्लंडनं २०१५ मध्ये हाच कायदा केला आणि २०१९ च्या आढाव्यात मागणी घटल्याचं काही दिसलं नाही.

आता आपली कसोटी. गिऱ्हाईक पकडला जाण्याच्या भीतीत असेल तर तो खरं नाव सांगत नाही, गर्दीची जागा टाळतो, घाई करतो. पूर्वी बाई गाडीच्या खिडकीशी दोन मिनिटं बोलून माणूस कसा आहे ते जोखायची, आता आधी गाडीत बसते. जे सभ्य आणि भित्रे ते गळतात. उरतात ते ज्यांना पोलिसांची भीती नाही. गिऱ्हाइकं कमी झाली की घासाघीस त्यांच्या बाजूनं झुकते. फ्रान्समध्ये २०१६ च्या कायद्यानंतर एका वैद्यकीय मदत संस्थेनं केलेल्या पाहणीत ३८ टक्के जणांनी सांगितलं, की कंडोमचा आग्रह धरणं अवघड झालं. पाहणी संस्थेच्या संपर्कातल्यांची होती, हा आक्षेप रास्त आहे. तरी दिशा ओळखता येते.

आणि 'बाई सुटली' हे पूर्ण खरं नाही. घरमालकानं जागा दिली तर तो 'धंद्याला मदत करणारा' ठरतो. नॉर्वेतल्या ऑस्लोच्या पोलिसांनी काही वर्षं मोहीमच चालवली होती, घरमालकांवर दबाव आणून या बायकांना बाहेर काढायची, आणि मोहिमेचं नावच होतं 'बेघर'. आयर्लंडमध्ये २०१९ मध्ये एकत्र राहून काम करणाऱ्या दोन स्थलांतरित तरुणींना कुंटणखाना चालवल्याबद्दल नऊ महिन्यांची शिक्षा झाली. त्यातली एक गरोदर होती. सुरक्षेसाठी दोघी एकत्र राहिल्या, हा त्यांचा गुन्हा.

फ्रान्सच्या कायद्याविरुद्ध अडीचशेहून अधिक जण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये ते हरले. न्यायालयानं म्हटलं, की हा इतका वादग्रस्त नैतिक प्रश्न आहे की निर्णय त्या त्या देशाच्या संसदेवर सोडावा. युरोपीय संसदेनं २०१४ आणि २०२३ मध्ये ठराव करून स्वीडनच्या पद्धतीची बाजू घेतली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं २०१५ मध्ये मतदान घेऊन नेमकी उलट भूमिका घेतली. म्हणजे मानवी हक्कांची भाषा बोलणारेच दोन बाजूंना उभे आहेत. कुणी 'सगळे तज्ज्ञ एकमतानं सांगतात' असं म्हणालं, तर दोन्ही बाजूंनी ते खोटं.

न्यूझीलंडमध्ये नेमकं काय आहे?

२००३ मध्ये तिथे कायदा मंजूर झाला तो ६० विरुद्ध ५९ मतांनी, एक सदस्य तटस्थ. त्या चर्चेत जॉर्जिना बेयर बोलल्या. त्या जगातल्या पहिल्या उघडपणे ट्रान्सजेंडर असलेल्या खासदार, आणि पूर्वी त्यांनी स्वतः हा धंदा केलेला. हा कायदा हातात असता तर वाईट प्रसंगी पोलिसांकडे जाता आलं असतं, असा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता.

तिथे चारपर्यंत जणी एकत्र जागा घेऊन, आपापली कमाई आपल्या हाती ठेवून, परवान्याशिवाय काम करू शकतात. मोठं घर चालवायचं तर चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं, बाईला नाही. नजर कुणावर ठेवायची याची दिशाच उलटी केली आहे. कोणत्याही क्षणी, पैसे घेतल्यानंतरसुद्धा, नकार देण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. हे काम करायला नाही म्हणाली म्हणून सरकारी भत्ता कापता येत नाही. जर्मनीबद्दल मध्यंतरी जी अफवा जगभर फिरली, की बेकार बाईला सरकार कुंटणखान्यात पाठवतं, तिची इथे जागाच ठेवली नाही.

परिणाम? २००८ मध्ये सरकारी आढावा समितीनं सांगितलं, की धंद्यातल्यांची संख्या वाढली नाही. त्याच काळातल्या पाहणीत साठ टक्क्यांहून जास्त जणींनी सांगितलं, की आता गिऱ्हाइकाला नकार देणं सोपं झालं. २०१४ मध्ये एका बाईनं आपल्या कुंटणखान्याच्या चालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि तिला २५,००० न्यूझीलंड डॉलर भरपाई मिळाली. 'तिथे कसला आलाय लैंगिक छळ' असं म्हणणाऱ्यांना हा निकाल जरूर वाचायला द्यावा: ती तिथे संमतीनं काम करत होती, चालकाचं घाणेरडं बोलणं ऐकून घेण्यासाठी नव्हे. २०२१ मध्ये एका माणसानं धंद्यातल्या दुसऱ्या एका बाईच्या नकळत कंडोम काढला म्हणून बलात्काराचा दोष सिद्ध झाला आणि पावणेचार वर्षांची शिक्षा झाली. तक्रार करणारी त्या वेळी कामावर होती. तिची तक्रार पोलिसांनी घेतली.

दोष आहे, तोही मोठा. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला तिथे हा धंदा करायला बंदी आहे. तस्करी रोखण्यासाठी म्हणून ठेवलेलं हे कलम, पण त्यामुळे स्थलांतरित बाई नेमकी जुन्या जागी अडकते. पोलिसांना फोन केला तर विमानात बसवतील, हे दलालालाही ठाऊक असतं.

मान्यता दिली की तस्करी वाढते, असं संशोधन आहे ना?

आहे. २०१३ मधला एक बहुचर्चित अभ्यास दीडशेपर्यंत देशांची तुलना करतो. त्याचा निष्कर्ष असा, की धंदा कायदेशीर असलेल्या देशांत तस्करीची आवक जास्त नोंदली जाते. तर्क असा: बाजार वैध झाला की मोठा होतो. स्वेच्छेनं येणाऱ्या वाढल्या तर तस्करीची गरज घटते, हा एक परिणाम, पण बाजारच वाढला तर तस्करीही वाढते, हा दुसरा, आणि दुसरा भारी पडतो.

या अभ्यासाचे लेखकच सांगतात, की आकडे कच्चे आहेत. तस्करी लपून होते, आपण मोजतो ती सापडलेली. ज्या देशात पोलीस सक्षम, पत्रकार मोकळे आणि बाई तक्रार करू शकते, तिथे जास्त सापडणार. शिवाय या तुलनेत सगळे 'कायदेशीर' देश एका पोत्यात घातले आहेत. जर्मनी आणि न्यूझीलंड यांत काय फरक आहे ते वर आलंच.

तरीही मी हा निष्कर्ष फेकून देणार नाही. श्रीमंत देश, शेजारी गरीब देश, मध्ये खुली सीमा आणि वर मोठ्या गुंतवणूकदारांचे कुंटणखाने, असं मिश्रण झालं तर जे व्हायचं ते जर्मनीत झालं. न्यूझीलंड चहूबाजूंनी समुद्रानं वेढलेला बेटांचा देश आहे, त्याचा अनुभव खंडाच्या मध्यावरच्या देशाला जसाच्या तसा लागू होईल असं म्हणणं भाबडेपणाचं.

गरिबीनं गांजलेल्या बाईची संमती ही संमती कशी?

हा मला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न आहे.

पोटासाठी केलेल्या प्रत्येक कामात 'नाहीतर काय करणार' हा भाग असतोच. गटारात उतरणारा हौसेनं उतरत नाही. पण म्हणून हे काम इतर कामांसारखंच, हेही मला पटत नाही. शरीराच्या आतली जागा आणि हातानं उचललेलं ओझं यांत फरक आहे, आणि कितीही युक्तिवाद केला तरी बहुतेकांना तो आतून जाणवतो. या धंद्यात आलेल्या कित्येक जणी लहान वयात, फसवून, नवऱ्यानं वा नातलगानं आणलेल्या असतात. 'आता माझ्या मर्जीनं करते' या वाक्याच्या मागे कधी कधी दहा वर्षं असतात ज्यांत मर्जीचा प्रश्नच नव्हता.

इथवर विरोधकांशी माझं एकमत. पुढे फाटा फुटतो. तिच्याकडे पर्याय दोनच असतील आणि आपण त्यातला एक बंद केला, तर तिचं स्वातंत्र्य वाढलं की घटलं? पर्याय कमी असणं हा प्रश्न असेल तर उत्तर पर्याय वाढवणं आहे: घर, शिक्षण, कर्जमुक्ती, पाळणाघर. ते महाग असतं. छापा घालणं स्वस्त असतं, आणि छाप्याचं छायाचित्र चांगलं येतं.

हा धंदा असतो म्हणून चांगल्या घरच्या मुली सुरक्षित राहतात, हे खरं का?

हा युक्तिवाद मान्यतेच्या बाजूनं केला जातो आणि तो ऐकला की मला वाटतं, असे मित्र असण्यापेक्षा शत्रू परवडले. एका बाईला दुसरीची ढाल म्हणून वापरायचं आणि वर उपकाराची भाषा.

आकडा म्हणाल तर एक आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात कायद्यातल्या एका फटीमुळे २००३ ते २००९ या काळात बंद दाराआडचा धंदा गुन्हा नव्हता. त्या काळात नोंदलेले बलात्कार सुमारे ३० टक्क्यांनी आणि स्त्रियांमधला परमा (गनोरिया हा गुप्तरोग) ४० टक्क्यांहून अधिक घटला, असं दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं. पण यात धंद्यातल्या बायकांवरचेच बलात्कार कमी झाले असण्याची शक्यता धरावी लागते. ढाल म्हणून वापरल्या जाणाऱ्या त्या बायकाच तर सगळ्यात जास्त मार खात होत्या.

सरकारला कर मिळेल ना?

मिळेल. फार नाही. फक्त तेवढ्यासाठी कायदा करायचा असेल तर करू नये.

आता सगळं ऑनलाइन आहे, मग हे कायदे हवेतच कशाला?

ऑनलाइन आल्यानं एक चांगलं झालं, दलालाची गरज घटली. बाई स्वतः जाहिरात देते, आधी बोलून घेते, वाईट गिऱ्हाइकांची यादी इतरांना पाठवते. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं तस्करी रोखण्याच्या नावाखाली अशा जाहिरातींसाठी संकेतस्थळांनाच जबाबदार धरणारा कायदा केला. सर्वात मोठं जाहिरातस्थळ त्याच महिन्यात जप्त झालं. तस्कर दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर गेले, बायका रस्त्यावर, आणि पोलिसांना सुगावा देणारं एक उघडं ठिकाण गेलं.

नोकरीचा करार झाला तर मालक तिला जबरदस्ती करू शकणार नाही का?

बेल्जियमनं याचं उत्तर कायद्यातच दिलं आहे. डिसेंबर २०२४ पासून तिथे नोकरीचा करार करता येतो: आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, निवृत्तिवेतन. पण गिऱ्हाइकाला नकार देणं, एखादी कृती नाकारणं, मधेच थांबणं हे हक्क कराराहून वरचे आहेत आणि त्यासाठी कामावरून काढता येत नाही. खोलीत मदतीचं बटण असणं मालकाची जबाबदारी. सहा महिन्यांत दहाहून अधिक वेळा नकार आला तर कोणत्याही बाजूला सरकारी मध्यस्थाकडे जाता येतं. या शेवटच्या कलमावर टीका झाली, आणि मलाही ते खटकतं. नकार मोजायला लागलो की तो नकार राहत नाही.

आमच्या इमारतीत, आमच्या गल्लीत चालेल का मग हे?

गुन्हेमुक्तीनंतरही जागेचे नियम राहतात, दारूच्या दुकानाला किंवा गॅरेजला असतात तसे. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकनं २०१३ मध्ये शहराच्या कडेला गाड्यांसाठी आडोसे, धोक्याची घंटा आणि समाजसेविकांची खोली असलेली जागा बांधली, कारण नदीकाठच्या रहिवाशांच्या तक्रारी होत्या. लोक हसले. पण आधी अंधारात उभ्या राहणाऱ्या बायकांना तिथे घंटा मिळाली.

पुरुष आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींचं काय?

त्यांची गिऱ्हाइकंही प्रामुख्यानं पुरुषच. 'पुरुषाचा स्त्रीवरचा अत्याचार' या एका चौकटीत ते बसत नाहीत, म्हणून चर्चेतूनच गळतात. ट्रान्सजेंडर व्यक्तींना दुसरी नोकरी कुणी देत नाही आणि पोलीस बंदी असो वा नसो त्यांनाच आधी हटकतात.

ज्यांना बाहेर पडायचं आहे त्यांच्यासाठी कुठला कायदा बरा?

फ्रान्सनं कायद्यात बाहेर पडण्याचा मार्ग लिहिला: तात्पुरता राहण्याचा परवाना, थोडा भत्ता. पण त्यासाठी धंदा आधी सोडावा लागतो, आणि भत्त्यात महिना निघत नाही. कुठल्याही देशात बाहेर पडलेल्या बायकांना विचारा, त्या कायद्याआधी कागदांबद्दल बोलतात. ओळखपत्र नाही, म्हणून बँकेत खातं नाही, म्हणून कमावलेला पैसा मालकिणीकडे, म्हणून सोडता येत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये राहण्याच्या पुराव्याशिवाय आधार कार्ड देण्याचा आदेश दिला, तो या साखळीची पहिली कडी तोडणारा आहे.

दुसरा कागद म्हणजे पोलिसांची नोंद. इंग्लंडमध्ये काही बायका तरुणपणी रस्त्यावर उभं राहिल्याबद्दल दोषी ठरल्या होत्या. धंदा सोडून वीस-तीस वर्षं झाली, तरी शाळेत किंवा वृद्धाश्रमात कामाला अर्ज केला की ती नोंद वर यायची. त्या न्यायालयात गेल्या. २०१८ मध्ये अंशतः यश आलं, ती जुनी प्रकरणं प्रत्येक वेळी आपोआप मालकाला कळवण्याची पद्धत न्यायालयानं चूक ठरवली. नोंद मात्र पुसली गेली नाही. ती बाई शंभर वर्षांची होईपर्यंत पोलिसांकडे राहते.